कासवा कासवा, चौकोन काढ!

बालमित्रांनो, मधल्या सुट्टीत शाळेच्या मैदानावर एक खेळ खेळून पाहा. तुमच्यातला एक जण कासव होईल. कासवाला फक्त दोनच गोष्टी कळतात: ‘पुढे इतकी पावलं’ आणि ‘उजवीकडे इतके अंश वळ’. बाकी काही सांगितलं तर कासव ढिम्म! आता त्याच्याकडून मैदानावर चौकोन काढून घ्या.

सोपं आहे ना? पुढे १० पावलं, उजवीकडे ९० अंश. असं चारदा. कासव फिरून बरोबर निघाल्या जागी येतं. अभिनंदन! तुम्ही तुमचा पहिला प्रोग्रॅम लिहिलात, तोही कॉम्प्युटरला हात न लावता.

आता त्याला समभुज त्रिकोण काढायला सांगा. बहुतेक जण म्हणतील, “त्रिकोणाचा कोन ६० अंशांचा, म्हणून ६० अंश वळ.” सांगून बघा. कासव भलतीकडेच जाईल! कारण कासव आतला कोन मोजत नाही, ते आपलं तोंड किती वळवायचं तेवढंच बघतं. पुरी फेरी मारून पुन्हा पहिल्या दिशेला तोंड व्हायचं, तर एकूण ३६० अंश वळायला हवं. वळणं तीन, म्हणून प्रत्येक वळण १२० अंशांचं. भूमितीच्या पुस्तकातला बाह्यकोन तो हाच.

कासवाचा जन्म

हे कासव आमच्या डोक्यातून निघालेलं नाही बरं का! १९६७ साली अमेरिकेत सीमोर पॅपर्ट, वॉली फॉयरझाइग आणि सिंथिया सॉलोमन यांनी मुलांसाठी ‘लोगो’ नावाची कॉम्प्युटरची भाषा तयार केली. सुरुवातीला कासव म्हणजे जमिनीवर चालणारं खरंखुरं यंत्र होतं. पुढे ते पडद्यावर आलं आणि चालता चालता रेघ ओढू लागलं. पॅपर्ट गणिती होते. त्यांचं म्हणणं असं, की कॉम्प्युटरनं मुलाला शिकवण्यापेक्षा मुलानंच कॉम्प्युटरला शिकवावं. दुसऱ्याला शिकवताना आपल्याला ती गोष्ट नीट कळते. धाकट्या भावाला पाढे शिकवताना तुम्हालाही हा अनुभव आला असेल.

“हे सगळं शहरातल्या मुलांसाठी!” असं कुणी म्हणालं, तर त्यांना खैरातची गोष्ट सांगा. खैरात हे रायगड जिल्ह्यात कर्जत तालुक्यातलं लहानसं गाव. २००७ साली तिथल्या प्राथमिक शाळेतल्या मुलांच्या हाती हिरव्या-पांढऱ्या रंगाचे छोटे लॅपटॉप आले. ‘प्रत्येक मुलामागे एक लॅपटॉप’ या जागतिक योजनेचा भारतातला तो पहिलावहिला प्रयोग. म्हणजे कर्जतच्या डोंगरातल्या मुलांना जे जमलं, ते पांढरकवड्याच्या मुलांना का जमू नये?

कोणतं साधन घ्यायचं?

दोनच नावं लक्षात ठेवा.

पहिलं ‘स्क्रॅच’. हे २००७ साली अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेनं सर्वांसाठी खुलं केलं. यात आज्ञा टाइप कराव्या लागत नाहीत. रंगीत ठोकळे एकात एक अडकवायचे, की पडद्यावरचं मांजर चालू लागतं. आठ-नऊ वर्षांच्या मुलांनी इथून सुरुवात करावी.

दुसरं ‘पायथन’. नाव अजगराचं वाटतं, पण ते ‘माँटी पायथन’ या विनोदी इंग्रजी कार्यक्रमावरून ठेवलेलं आहे. ही भाषा नेदरलँड्सच्या गिडो फान रॉसम यांनी १९९१ साली प्रसिद्ध केली. मोठमोठ्या प्रयोगशाळांत हीच भाषा वापरतात. आणि गंमत म्हणजे आपलं कासव हिच्यातही आहे! ‘टर्टल’ नावाच्या भागाला बोलावून ‘फॉरवर्ड’ आणि ‘राइट’ या आज्ञा द्यायच्या, झालं.

दोन्ही साधनं फुकट आहेत. इंटरनेट लागतं ते एकदाच, कॉम्प्युटरवर उतरवून घेताना. त्यानंतर जोडणी नसली तरी अडत नाही. वीज मात्र कधी दगा देईल सांगता येत नाही, म्हणून दर थोड्या वेळानं सेव्ह करायची सवय लावून घ्या!

कापूस वेचणीचा हिशेब

आता कासवाला विश्रांती देऊ आणि आपल्या भागातला एक हिशेब करू. पांढरकवडा म्हणजे कापसाचा मुलूख. वेचणीची मजुरी ठरते किलोवर. समजा, किलोला १० रुपये दर आहे. आईनं सोमवारी ४० किलो वेचला, मंगळवारी ३५. मजुरी किती? तोंडी हिशेब केला तर ७५० रुपये. पण महिनाभराची वेचणी, चार-पाच बायका, रोजचे वेगळे आकडे, आणि शेवटी “माझे पंधरा किलो कुठं गेले?” असा वाद. इथं छोटासा प्रोग्रॅम कामाला येतो.

त्यातली मुख्य ओळ ही:

मजुरी = किलो * दर

तुम्ही म्हणाल, “हे तर मराठी झालं, प्रोग्रॅम कुठाय?” अहो, हाच प्रोग्रॅम! २००८ साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीपासून पायथनमध्ये आकडे साठवायच्या डब्यांना देवनागरी नावं देता येतात. चांदणी म्हणजे गुणाकार. आज्ञा मात्र इंग्रजीच असतात, आणि ओळीत लिहायचे आकडेही इंग्रजी.

पण इथं एक गमतीदार चूक नवशिक्याला हमखास भेटते. प्रोग्रॅमनं विचारलं, “सोमवारी किती?” तुम्ही टाइप केलं ४०. “मंगळवारी किती?” ३५. बेरीज करायला सांगितली, तर उत्तर येतं ४०३५! कॉम्प्युटर वेडा झाला की काय?

मुळीच नाही. तुम्ही टाइप केलेलं सगळं तो आधी ‘मजकूर’ समजतो. ‘राम’ आणि ‘राव’ जोडले तर ‘रामराव’. तसंच ४० आणि ३५ जोडले तर ४०३५. त्याला सांगावं लागतं, की बाबा रे, हा मजकूर नाही, ही संख्या आहे. त्यासाठी ‘इंट’ ही आज्ञा असते. ती दिली की उत्तर येतं ७५. आणि विचारल्यावर तुम्ही देवनागरीत ‘४०’ टाइप केलंत, तरी ‘इंट’ला ते बरोबर समजतं!

अशा चुकीला प्रोग्रॅमर ‘बग’ म्हणतात, म्हणजे किडा. कपाशीवरची बोंडअळी जशी पान न् पान उलटून शोधावी लागते, तसा हाही ओळ न् ओळ वाचून शोधायचा. किडा सापडला म्हणजे तुम्ही नापास नाही. रोज किडे शोधणं हेच प्रोग्रॅमरचं काम!

आपल्या गावाचं पान

वेबपान करायला तर आणखी कमी सामान लागतं. कॉम्प्युटरमधलं साधं नोटपॅड आणि एक ब्राउझर, बस्स. टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत १९८९ साली वेबची कल्पना मांडली आणि १९९१ साली पहिलं संकेतस्थळ जगापुढे आलं. १९९३ साली सर्ननं हे तंत्र सर्वांना मोफत वापरू दिलं, म्हणून आज आपण ते वापरतो.

वेबपानाची भाषा ‘एचटीएमएल’. तिच्यात मजकुराला खुणा करतात. त्यांना म्हणतात टॅग. टॅग कोनी कंसात लिहायचा: मथळ्यासाठी ‘एच-१’, परिच्छेदासाठी ‘पी’, चित्रासाठी ‘आयएमजी’. मथळा किंवा परिच्छेद संपला, की तीच खूण तिरकी रेघ देऊन पुन्हा लिहायची, म्हणजे कंस उघडला तसा बंद करायचा. फाइलच्या नावाशेवटी टिंब देऊन ‘एचटीएमएल’ लिहा आणि ब्राउझरमध्ये उघडा. तुमचं पान तयार!

पानावर लिहायला पांढरकवड्याला काय कमी आहे? केळापूर तालुक्याचं हे मुख्य ठिकाण, नागपूर-हैदराबाद रस्त्यावरचं. बाजारात मराठीबरोबर गोंडी, कोलामी, तेलुगूही कानावर पडते. जवळच टिपेश्वर अभयारण्य. तिथला एक तरुण वाघ २०१९ साली निघाला आणि तेलंगणातूनही फिरत, सुमारे १३०० किलोमीटर चालून बुलढाणा जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला! त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर होती, म्हणून हा प्रवास कळला. आजीला विचारून चार कोलामी शब्द लिहिलेत, तर तसं पान दुसऱ्या कुणाकडे नसेल.

पण सावधान! पान उघडल्यावर मराठीऐवजी चित्रविचित्र खुणा दिसल्या तर? कॉम्प्युटरच्या पोटात अक्षरं नसतात, नुसते आकडे असतात. पूर्वी प्रत्येक मराठी फाँटचे आकडे वेगळे असायचे. एकानं लिहिलेलं दुसऱ्याला वाचता यायचं नाही. मग ‘युनिकोड’नं प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक दिला: ‘अ’ला २३०९, ‘क’ला २३२५, आपल्या ‘ळ’ला २३५५. म्हणून फाइल सेव्ह करताना ‘यूटीएफ-८’ हा पर्याय निवडा आणि पानाच्या माथ्यावर ‘मेटा चारसेट’च्या टॅगमध्येही तेच लिहा. मराठी ठणठणीत दिसेल.

आई-बाबांसाठी

प्रोग्रॅमिंग शिकवण्याच्या नावाखाली हजारो रुपयांचे वर्ग विकले जातात. सुरुवातीला त्यांची गरज नाही. आयआयटी मुंबईचे ‘स्पोकन ट्युटोरियल’ हे धडे मोफत आहेत, त्यातले पुष्कळ मराठीत आहेत आणि एकट्यानं शिकता यावं अशाच बेतानं केलेले आहेत. घरी कॉम्प्युटर नसेल तर शाळेतला कॉम्प्युटर आठवड्यातून दोन तास मुलांना मिळावा म्हणून मुख्याध्यापकांना भेटा. मुलीला आणि मुलाला सारखाच वेळ मिळतोय ना, हेही बघा. आणि पान इंटरनेटवर ठेवायचं झालं, तर त्यावर घरचा पत्ता, फोन नंबर किंवा मुलांचे फोटो टाकू देऊ नका.

करून पाहा

१. कासवाकडून षटकोन काढून घ्या. प्रत्येक वळण किती अंशांचं?

२. पाच टोकांची चांदणी काढा. सूचना: कासवाचं तोंड एकूण दोन फेऱ्या फिरतं.

३. ‘पांढरकवडा’ या शब्दात अक्षरं किती? आधी बोटांवर मोजा, मग पायथनच्या ‘लेन’ या आज्ञेला विचारा. उत्तर वेगळं का आलं?

उत्तरे: १. ६० अंश. २. ७२० भागिले ५, म्हणजे १४४ अंश. ३. आपण मोजतो सहा, कॉम्प्युटर सांगतो नऊ. दोन काने आणि एक अनुस्वार यांनाही त्याच्याकडे स्वतंत्र क्रमांक आहेत!