स्विचच्या पाठीमागचं काम

नालासोपाऱ्याचा आचोळे रोड असो की वसई पूर्वेचं एव्हरशाइन, इलेक्ट्रिकच्या दुकानात एक विचारणा रोजची असते: "एखादा वायरमन असेल तर पाठवा ना." दुकानदार कुणाला तरी फोन लावतो आणि संध्याकाळी पाठीला सॅक, खिशात टेस्टर असा माणूस दारात हजर होतो. त्याच्याकडे परवाना आहे का, हे विचारायची आपल्याकडे पद्धत नाही. पहिला प्रश्न असतो, "पॉइंटचे किती घेणार?"

परवाना कुठे लागतो आणि कुठे नाही, याची रेघ मात्र कायद्यात स्पष्ट आखलेली आहे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या सुरक्षा विनियमांत ती होती; त्यांची जागा आता २०२३ च्या विनियमांनी घेतली आहे. बिघडलेला दिवा, पंखा, फ्यूज किंवा स्विच काढून तसाच दुसरा बसवायचा असेल आणि वायरिंगची क्षमता वा स्वरूप त्यामुळे बदलत नसेल, तर सूट आहे. नवी वायर ओढली, पॉइंट वाढवला, की ते परवानाधारक विद्युत ठेकेदाराचं काम होतं, आणि तेही प्रमाणपत्र असलेल्या माणसाच्या देखरेखीखाली.

गंमत अशी, की आपली कामं ही रेघ बोलता बोलता ओलांडतात. हॉलमधला एक स्विच बदलायला बोलावलेल्या माणसाला चहा देताना कुणीतरी म्हणतं, "आलाच आहात दादा, तर बाथरूममध्ये गीझरचाही पॉइंट काढून द्या." दादाही नाही म्हणत नाहीत. शेजारच्या ६ अँपिअरच्या बोर्डातून लूप घेतात, पाऊण तासात गरम पाणी सुरू.

इथे थोडा हिशेब करावा लागतो. दोन हजार वॅटचा गीझर २३० व्होल्टवर साधारण पावणेनऊ अँपिअर खेचतो, तीन हजार वॅटचा इन्स्टंट गीझर तेरा. सहा अँपिअरचा स्विच आणि त्यामागची दिवे-पंख्यांसाठी टाकलेली एक किंवा दीड स्क्वेअर एमएमची वायर यासाठी नसतेच. गीझरला १६ अँपिअरचा स्विच-सॉकेट, डीबीपासून, म्हणजे घराच्या वितरण बोर्डापासून, वेगळी ओढलेली जाड वायर (अडीच किंवा चार एमएम) आणि स्वतःची एमसीबी हवी. स्विच तेवढा १६ चा बसवून मागे जुनीच बारीक वायर ठेवणं, हा तर सर्रास चालणारा प्रकार. बाहेरून बोर्ड नवाकोरा दिसतो, वायर मात्र भिंतीच्या आत तापत राहते.

अशी तापलेली जागा नाकाला आधी कळते. स्विचचं प्लास्टिक जास्त तापलं की बऱ्याचदा मासळीसारखा वास सुटतो. पाचूबंदर किंवा अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर, जिथे बोंबील वाळत घातलेले असतात, तिथे या वासाने कुणी दचकणार नाही; पण विरारच्या पाचव्या मजल्यावरच्या बंद बेडरूममध्ये तो आला, तर आधी बोर्डाकडे बघावं. बहुतेकदा आत एखादा स्क्रू सैल असतो. सैल जोडावर ठिणग्या पडतात, तांबं काळं पडतं आणि स्विच दाबताना कर्र असा आवाज येतो. समुद्राकडच्या खाऱ्या, दमट हवेने टर्मिनलवर हिरवट थर चढतो, तो वेगळाच. वायरचं टोक सोलून दुमडून स्क्रूखाली घट्ट आवळणारा कारागीर आणि दोन तारा नुसत्या पिळून वर टेप गुंडाळणारा कारागीर, दोघेही एकाच भावात मिळतात!

दुसरी चूक आणखी छुपी. स्विच नेहमी फेजच्या वायरवर हवा. तो न्यूट्रलवर बसवला तरी दिवा लागतो नि विझतो, त्यामुळे घरच्यांना शंकाही येत नाही. पण स्विच बंद असतानाही होल्डरमध्ये फेज उभा असतो आणि स्टुलावर चढून बल्ब बदलणाऱ्याला झटका बसतो. बंद केलेली एलईडी रात्री मिणमिणत असेल, तर कारण हे असू शकतं. कधी स्विचमधल्या लाल इंडिकेटरमुळेही ती मिणमिणते, म्हणून वायरमनकडून टेस्टर लावून खात्री करून घ्यावी.

वसई-विरारमध्ये पाण्याचाही विचार करावा लागतो. जुलै २०१८ मध्ये वसई, नालासोपारा, विरार पाण्याखाली गेलं, रेल्वे थांबली आणि महावितरणला अनेक भागांतला पुरवठा बंद ठेवावा लागला. तळमजल्यावरच्या घरात जमिनीपासून फूटभर उंचीवर असलेलं सॉकेट अशा वेळी सगळ्यात आधी बुडतं. काम निघालंच आहे तर ते छातीच्या उंचीवर न्यावं. झिरी मारण्याचा आणि प्लास्टरचा खर्च वाढेल, पण तो करण्यासारखा आहे. बुडालेला बोर्ड ऊन दाखवून पुन्हा चालू करू नये. आत शिरलेला गाळ आणि क्षार राहतातच. स्विच-सॉकेट बदललेले बरे.

महावितरणची जबाबदारी मीटरपर्यंत. त्यापुढची वायरिंग घरमालकाची, त्यामुळे घरातला स्विच जळाला म्हणून त्यांच्या १९१२ या हेल्पलाइनवर फोन करून उपयोग नाही. देखरेख आपणच करायची. काम ठरवताना मजुरी वेगळी, माल वेगळा हे बोलून घ्यावं. एका पॉइंटमध्ये काय काय धरलंय, झिरी बुजवून कोण देणार, हेही. माल आपण आणला तर पक्कं बिल मिळतं. स्विचवर आयएसआय चिन्ह आणि आयएस ३८५४ हा क्रमांक बघावा, त्याखालचा परवाना क्रमांक बीआयएस केअर ॲपवर तपासता येतो. नवा पॉइंट काढायचा असेल तर ठेकेदाराचा परवाना क्रमांक बिलावर मागावा. मागितल्यावर जो चिडतो, त्याला चहा देऊन निरोप द्यावा.

काही कारागिरांना चालू लाइनवर काम करायची भलती हौस असते. "काय होत नाय, रोजचंच आहे," म्हणतात. त्यांचं ऐकू नये, मेन स्वतः बंद करावा. आणि पैसे देण्यापूर्वी डीबीत आरसीसीबी आहे का बघावं. एमसीबी वायरला वाचवते, माणसाला झटक्यापासून वाचवायला ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी लागते. तिच्यावर 'टी' लिहिलेलं छोटं बटण असतं. वायरमन दारात उभा असतानाच ते दाबावं. सप्लाय खटकन गेला नाही, तर त्याला सॅक पुन्हा उघडायला लावावी.