मशीन बसलं, आवाज बसायचा राहिला

बीड जिल्ह्यात कुठल्याही गावात पारावर कानाच्या मशीनचा विषय काढून बघा. ‘शिबिरात मिळालं होतं,’ हे एक उत्तर येतं. ‘हाय घरात, कपाटात,’ हे दुसरं. कपाटात का, असं विचारलं तर शहरातला माणूस लाज हे कारण गृहीत धरतो. लाज असतेच. पण जरा वेळ बसून ऐकलं की खऱ्या तक्रारी बाहेर येतात. माझाच आवाज रांजणात तोंड घालून बोलल्यासारखा येतो. भांडं पडलं की डोक्यात कळ जाते. टॉवेल गुंडाळला की शिट्टी वाजते. चार माणसं बोलायला लागली की नुसता कालवा ऐकू येतो. या चारही तक्रारींवर इलाज आहे, आणि बहुतेक वेळा तो नव्या मशीनमध्ये नसून जुन्याच मशीनच्या सेटिंगमध्ये आहे. जिल्ह्यात मशीन वाटायची व्यवस्था उभी राहिली, सेटिंग करून द्यायची राहिली. या लेखाचं म्हणणं एवढंच आहे.

वयामुळे किंवा गोंगाटामुळे कान जातो तेव्हा तो सगळ्या आवाजांसाठी सारखा जात नाही. आधी जातात उंच पट्टीचे, बारीक आवाज. मराठीत स्वर जाड आणि दणकट असतात, ते टिकून राहतात. स, श, फ, ख, थ, ठ ही व्यंजनं मात्र श्वासाच्या झुळकीवर चालतात आणि तीच आधी गळतात. म्हणून म्हातारा माणूस म्हणतो, ‘आवाज येतो, बोलणं कळत नाही.’ तो खोटं बोलत नसतो आणि मुद्दाम दुर्लक्षही करत नसतो. परळीच्या औष्णिक वीज केंद्रात, माजलगाव-गेवराईच्या जिनिंगमध्ये किंवा ट्रॅक्टरच्या सीटवर आयुष्य काढलेल्यांच्या ऑडिओग्राममध्ये, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीच्या आलेखात, 4000 हर्ट्झच्या आसपास खड्डा दिसतो, तो गोंगाटाचा.

दुसरी गोष्ट घरातल्यांना जास्त छळते. आजोबांना हळू बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून सून मोठ्याने बोलते, तर ते खेकसतात, ‘ओरडतीस कशाला?’ यात स्वभावाचा दोष नाही. आतल्या कानातल्या पेशी मेल्या की ऐकू येण्याचा उंबरा वर सरकतो, पण सहन होण्याची मर्यादा जवळपास जागेवरच राहते. समजा उंबरा 55 डेसिबलवर गेला आणि 100 च्या पुढे त्रास होतो. नेहमीचं बोलणं 60 ते 65 डेसिबलचं असतं, पण त्यातले बारीक आवाज त्याहून बरेच खाली असतात. मग सगळं जग उरलेल्या अरुंद फटीत बसवायचं. चांगलं मशीन हेच करतं. कुजबूज जास्त वाढवतं, बोलणं बेताने वाढवतं, फटाक्याचा आवाज जवळजवळ वाढवतच नाही. बाजारात किंवा ऑनलाइन मिळणारं साधं स्वस्त यंत्र सगळंच सरसकट मोठं करतं, आणि त्याची वरची मर्यादा आपल्या कानाप्रमाणे बांधून दिलेली नसते. उरलेला कानही त्यात जाऊ शकतो.

1996 मध्ये पूर्ण डिजिटल श्रवणयंत्रं बाजारात आली आणि प्रत्येक पट्टीचा आवाज वेगळा वाढवणं सोपं झालं. किती वाढवायचा, याची सूत्रं आहेत. जगभर दोन घराणी चालतात: ऑस्ट्रेलियाच्या नॅशनल अकूस्टिक लॅबोरेटरीजचं ‘नॅल’ आणि कॅनडातल्या ओंटारियोत विकसित झालेलं ‘डीएसएल’. दुसरं मुलांसाठी जास्त वापरतात, कारण भाषा शिकणाऱ्या पोराला मोठ्यांपेक्षा जास्त आवाज लागतो. ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे श्रवणतज्ज्ञ, ऑडिओग्रामचे आकडे संगणकात घालतो, सूत्र हिशेब करतं आणि मशीन तयार होतं. इथवर दहा मिनिटांचं काम. बरीच शिबिरं इथेच थांबतात, आणि काही दुकानंही.

पण हा हिशेब सरासरी कानाचा असतो. कानाची नळी प्रत्येकाची वेगळी. अरुंद नळीत तोच आवाज मोठा होतो. नेमकं किती पोचतं ते बघायला मशीन घातल्यावर पडद्याजवळ केसासारखी बारीक नळी सोडून मोजमाप करतात. ही तपासणी मोठ्या केंद्रांतही सगळीकडे होत नाही. जिथे होत नाही तिथे माणसाच्या तक्रारीवरच भिस्त, आणि तक्रार ऐकायला माणूस पुन्हा समोर यावा लागतो.

तक्रारींचा अर्थ लावणं ही खरी कारागिरी आहे. स्वतःचा आवाज घुमतो, याचं कारण बहुतेकदा मशीनचा आवाज नसतो, तर बंद झालेला कान असतो. जबड्याच्या हाडातून येणारा आपलाच जाड आवाज एरवी कानाबाहेर निघून जातो. कानात बसवलेल्या मशीनच्या साच्याने वाट अडवली की तो आतच कोंडतो. साच्याला एक-दोन मिलिमीटरचं भोक पाडलं किंवा छिद्रांचा डोम, म्हणजे कानात जाणारी मऊ टोपी, लावला की घुमणं कमी होतं. पण भोक मोठं केलं की वाढवलेला आवाज त्याच वाटेने मायक्रोफोनकडे परत येतो आणि शिट्टी सुरू होते. एकीकडे सोडवलेलं दुसरीकडे अडकतं. टॉवेल किंवा पदर कानावरून घेतला की शिट्टी येते तीही याच न्यायाने. कापडावर आपटून आवाज मागे फिरतो. गांधी टोपी कानाच्या वर बसते, तिचा त्रास नाही. थंडीत मफलर गुंडाळणाऱ्याला मात्र हे आधीच सांगून ठेवायला हवं.

सर्वात अवघड तक्रार ‘टोचतं’ ही. वर्षानुवर्षं न ऐकलेले आवाज, म्हणजे ताटाचा खणखणाट, कागदाची सळसळ, नळाचं पाणी, एकदम परत येतात आणि माणूस वैतागतो. ऑडिओलॉजिस्टला सोपा मार्ग असतो: उंच पट्टी कमी करून टाकायची. माणूस खूश होऊन जातो. पण स, श, ख त्याच पट्टीत राहतात. टोचणं गेलं आणि बोलणंही गेलं, असा तो सौदा असतो. बरोबर मार्ग लांबचा. फक्त अचानक येणाऱ्या मोठ्या आवाजाची वरची मर्यादा खाली आणायची, उंच पट्टी सुरुवातीला थोडी कमी ठेवायची आणि दर भेटीत वाढवत न्यायची. मेंदूला सवय व्हायला आठवडे, कधी महिने लागतात. चष्मा डोळ्यावर ठेवला की दिसतं, तशी अपेक्षा कानाच्या मशीनकडून धरली की निराशाच पदरी येते.

दोन मशीनची तुलना करणाऱ्यांसाठी एक सापळा इथेच सांगायला हवा. दोन आवाज एकापाठोपाठ ऐकवले तर माणसाला बहुतेकदा जो थोडा मोठा तोच चांगला वाटतो. म्हणून दुकानात पाच मिनिटं घालून ‘हे भारी’ ठरवण्याला अर्थ नाही. दोन्ही यंत्रं एकाच ऑडिओग्रामवर, एकाच सूत्रावर, एकाच प्रकारच्या डोमसह लावून, प्रत्येकी आठवडाभर घरी वापरली तरच तुलना खरी. आणि तीही आपल्या माणसांच्या आवाजावर: नातवाच्या, भाजीवाल्याच्या, एसटी स्टँडवरच्या कंडक्टरच्या. घरी करायची एक सोपी चाचणी आहे. डॅनियल लिंग या बधिरशिक्षणतज्ज्ञाने सुचवलेले सहा आवाज: आ, ई, ऊ, म, श, स. घरातल्या कुणीतरी पाठीमागे पाच-सहा फुटांवर उभं राहून, क्रम बदलून, ते नेहमीच्या आवाजात म्हणायचे आणि ऐकणाऱ्याने तेच परत म्हणायचे. श आणि स सुटत असतील तर सेटिंग कमी पडतंय, आ आणि ऊ दणकत असतील तर जाड पट्टी जास्त झालीय. हे लिहून नेलं तर तज्ज्ञाचा अर्धा वेळ वाचतो.

किमतीचं काय? अमेरिकेत इंडियाना विद्यापीठाच्या लॅरी ह्यूम्स यांच्या गटाने 2017 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. 55 ते 79 वयाच्या दीडशेवर लोकांना एकाच जातीची यंत्रं दिली. काहींना ऑडिओलॉजिस्टने नीट लावून दिली, काहींना स्वतः निवडून घ्यायला सांगितलं, काहींच्या यंत्रात आवाज वाढवलाच नव्हता. शिवाय निम्म्यांकडून जोडीचे 600 डॉलर घेतले, निम्म्यांकडून 3600. जास्त पैसे भरणाऱ्यांना जास्त फायदा झाला नाही. स्वतः निवडणाऱ्यांनाही फायदा झाला, ही गोष्ट माझ्यासारख्या तज्ज्ञवाद्याने पचवली पाहिजे. पण तज्ज्ञाने लावून दिलेले लोक जास्त समाधानी होते आणि यंत्र ठेवून घ्यायला जास्त राजी होते. बीडच्या कपाटातल्या मशीनचा प्रश्न नेमका हाच आहे: यंत्र चालतं की नाही यापेक्षा ते माणूस ठेवून घेतो की नाही.

आता जिल्हा बघू. अकरा तालुके. कान-नाक-घसा विभाग बीडच्या जिल्हा रुग्णालयात आणि अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयात. आष्टीहून अंबाजोगाई सव्वाशे किलोमीटरच्या पुढे, म्हणून आष्टी-पाटोद्याकडची माणसं अहिल्यानगरची वाट धरतात. 17 सप्टेंबर 2025 ला बीड-अहिल्यानगर रेल्वे सुरू झाली, तिचा या कामी उपयोग व्हावा. वरची मोठी संस्था म्हणजे वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था, 1983 पासून याच विषयाला वाहिलेली. पण सेटिंग बदलायला मुंबई कोण गाठणार?

मशीन मिळण्याचे रस्ते मात्र बरेच आहेत. केंद्राची एडिप योजना 1981 पासून आहे. तिच्यात कानपूरच्या अलिम्कोची यंत्रं शिबिरांतून येतात. 2017 पासून कमी उत्पन्नाच्या ज्येष्ठांसाठी राष्ट्रीय वयोश्री योजना आहे. राज्याची मुख्यमंत्री वयोश्री योजना 2024 ची: 65 वर्षांवरच्या पात्र व्यक्तीच्या खात्यात एकदाच 3000 रुपये, त्यात चष्मा, काठी, कमरेचा पट्टा किंवा श्रवणयंत्र घ्यायचं. 3000 रुपयांत यंत्राचा आरंभ होतो, साचा, बॅटऱ्या आणि फेऱ्या त्यात बसत नाहीत. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात दोन्ही कानांत 60 डेसिबलचा तोटा असेल तरच माणूस ‘कमी ऐकू येणारा’ ठरतो. 45 डेसिबल गमावलेली अंगणवाडी सेविका किंवा शिक्षक कायद्याच्या हिशेबात धडधाकट. सेटिंगचा सर्वात जास्त फायदा याच लोकांना होतो आणि योजनेच्या यादीत तेच नसतात.

शिबिरांची आणखी एक अडचण जागेची. मंगल कार्यालयात किंवा शाळेच्या खोलीत पंखा, गर्दी, माइक यांच्यात ऑडिओग्राम काढला तर जाड पट्टीचे आकडे चुकतात. माणूस आहे त्यापेक्षा जास्त बहिरा दिसतो, मशीन त्या आकड्यांवर लागतं आणि पहिल्याच दिवशी दणदणतं.

या सगळ्यावर कडी करतं ते बीडचं वेळापत्रक. दसरा-दिवाळीच्या तोंडावर ऊसतोडीच्या मुकादमाच्या गाड्या लागतात. कोयते, म्हणजे ऊस तोडणाऱ्या जोड्या, पश्चिम महाराष्ट्रात, सोलापुरात, कर्नाटकात जातात आणि गुढीपाडव्याच्या आगेमागे परततात. ऑक्टोबरात मशीन मिळालेला ऊसतोड कामगार पाच-सहा महिने कुठल्याही तज्ज्ञासमोर येत नाही. फडात घाम, पाचटाची कूस, धूळ. राहायच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, विजेची खात्री नाही. त्याला चार्जिंगचं देखणं मशीन गळ्यात मारणं चूक आहे. सेलवाल्या मशीनमध्येही निवड आहे. पिवळ्या खुणेचा 10 नंबर सर्वात छोटा, मग तपकिरी 312, केशरी 13, आणि निळ्या खुणेचा 675 सर्वात मोठा व टिकाऊ. राठ बोटांना मोठा सेल धरताही येतो. या सेलवरचं स्टिकर काढलं की हवा लागून तो सुरू होतो आणि मशीन बंद असलं तरी उतरत राहतो. म्हणून सगळ्या सेलची स्टिकरं एकदम काढायची नाहीत. हे सांगायला अर्धं मिनिट लागतं, आणि न सांगितल्यामुळे न वापरलेले सेलही उतरून जातात.

मागे गावात राहतात ते म्हातारे आणि शाळेची पोरं. त्यांना लेक-सुनेशी जोडणारी गोष्ट एकच, फोन. साध्या कॉलमध्ये जेमतेम 300 ते 3400 हर्ट्झचा आवाज जातो. त्यात स तरण्या माणसालाही अर्धवटच ऐकू येतो. फोरजीच्या व्हॉइस कॉलमध्ये ही मर्यादा 7000 पर्यंत जाऊ शकते, म्हणून शक्य तिथे तो वापरावा. कानामागचं मशीन असेल तर फोन कानाच्या भोकाशी न धरता वर, मशीनच्या मायक्रोफोनपाशी धरायचा, किंवा सरळ स्पीकर लावायचा. कित्येक आज्या फोन चुकीच्या जागी धरून मशीनला दोष देतात.

आणि कीर्तन. भगवानगड-नारायणगडाच्या या मुलखात हरिनाम सप्ताहाला न जाणं म्हणजे माणसांतून उठणं. पण मंडपातला लाऊडस्पीकर, मृदंग आणि टाळ यांपुढे बोलण्यासाठी लावलेलं मशीन गोंधळतं. पेटीचा लांबलेला सूर त्याला स्वतःचीच शिट्टी वाटते आणि ते तो सूर दाबायला जातं. मग पेटी थरथरल्यासारखी ऐकू येते. टाळाला ते गोंगाट समजतं. यासाठी वेगळा संगीताचा प्रोग्राम देता येतो, ज्यात शिट्टी रोखणं आणि गोंगाट दाबणं ढिलं केलेलं असतं, आणि बटण दाबून तो बदलता येतो. बहुतेक डिजिटल यंत्रांत ही सोय असते. मागितल्याशिवाय ती कुणी चालू करून देत नाही, म्हणून ‘मी वारकरी आहे’ हे ऑडिओलॉजिस्टला सांगणं ऑडिओग्रामइतकंच गरजेचं आहे.

कान वाहत असेल तर मात्र आधी डॉक्टर, मग मशीन. पू येणारा कान साच्याने बंद केला की रोग बळावतो. गरम तेल आणि काडी दोन्ही बंद.

शिबिर भरवणाऱ्या संस्थांना, जिल्हा परिषदेला आणि लोकप्रतिनिधींना एक मागणी आहे. मशीन वाटपाची तारीख जाहीर करताना त्याच पत्रकावर सेटिंगच्या दोन तारखा छापा: एक गाड्या सुटायच्या आधी, दुसरी गुढीपाडव्यानंतर. त्यासाठी यंत्रं दहा टक्के कमी वाटली तरी चालतील. आणि हा अंक पुण्या-मुंबईत वाचणाऱ्यांनो, दिवाळीला गावी गेलात की कपाट उघडा. मशीनच्या तोंडाशी मळ आहे का बघा, नवा सेल टाका, आणि तरीही जमलं नाही तर नवं घ्यायच्या आधी जुनं मशीन, साचा आणि ऑडिओग्राम तिन्ही घेऊन ऑडिओलॉजिस्टकडे जा. सोबत घरातलं एक माणूस न्या, ज्याचा आवाज त्यांना ऐकायचा आहे.