चेंडू का अडतो?

तिफणीने पेरताना पाली (जि. बीड) परिसरातील बाई चाड्यावर मूठ धरते आणि दाणे मोजून सोडावे तसे सोडते. चेंडू फेकणाऱ्या यंत्रमानवालाही अशीच मूठ लागते. 2022 साली भारताने भरवलेल्या ‘रोबोकॉन’ स्पर्धेत यंत्रमानव चक्क आपली लगोरी खेळले! चेंडू वेळेवर पुढे आला नाही, तर नेम धरून काय उपयोग?

चेंडू नरसाळ्यात भरले आणि त्याचे तोंड दीड चेंडूएवढे ठेवले, असे समजा. तोंडाशी दोन-तीन चेंडू एकदम येतात. एकमेकांना व भिंतींना रेटतात. घर्षणामुळे ते घसरत नाहीत. दगडी कमानीसारखी कमान तयार होते. वरून दाबले, तर ती अधिकच घट्ट बसते! कागदी नरसाळ्यात गोट्या भरून पाहा. अडल्या, की बाजूने टिचकी मारा.

म्हणून तळाशी खाचांची चकती फिरती ठेवतात. ती ढीग हलवून कमान मोडते. प्रत्येक खाच एकच चेंडू पुढे नेते.

आता सांगा: खाचा 6 आणि सेकंदाला 2 चेंडू हवेत, तर चकतीचे मिनिटाला फेरे किती? (उत्तर: 20)