बिनधुराड्याचा कारखाना आणि लांझारोतेचे पाणी

पर्यटन म्हणजे बिनधुराड्याचा कारखाना, असे स्पॅनिश मुलखात म्हणण्याचा प्रघात आहे. गिरणीच्या भोंग्यावर आयुष्य गेलेल्या माणसाला हे शब्द गोड लागतात. धूर नाही, छातीत कापसाचे तंतू जाणे नाही. ऊन, वाळू आणि समुद्र हाच कच्चा माल, आणि तोही फुकट. परंतु कारखाना काय विकतो हे पाहण्याआधी तो काय खातो-पितो हे पाहावे, अशी आम्हा कामगार चळवळीतल्या लोकांना सवय असते. हा कारखाना पाणी पितो. आणि तो बहरतो बहुधा अशाच किनाऱ्यावर, जेथे पाऊस पडत नाही. पाऊस नाही म्हणून ऊन बारमाही, ऊन बारमाही म्हणून पाहुणे बारमाही. ज्या गुणावर धंदा चालतो तोच गुण म्हणजे दुष्काळ होय.

ही गोष्ट नीट कळावी म्हणून मी एकच बेट घेतो. आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून सव्वाशे किलोमीटरवर, स्पेनच्या ताब्यातील कनारी बेटांत लांझारोते नावाचे बेट आहे. क्षेत्रफळ साडेआठशे चौरस किलोमीटरच्या आत. पाऊस वर्षाला सरासरी दीडशे मिलिमीटरच्या आसपास. आपला माणदेश दुष्काळी म्हणून प्रसिद्ध; तेथे याच्या तिप्पट पाऊस पडतो! बेटावर बारमाही नदी नाही. १७३० ते १७३६ अशी सहा वर्षे ज्वालामुखी धुमसला आणि बेटाचा सुमारे चौथा हिस्सा राखेखाली व लाव्ह्याखाली गेला.

तेथील शेतकऱ्याने या राखेचेच साधन केले. ला खेरिया या भागात काळ्या राखेत पुरुषभर किंवा त्याहूनही खोल खड्डा घ्यायचा, तळच्या मातीत द्राक्षाचा एकच वेल लावायचा, आणि वाऱ्याच्या बाजूने दगडांची अर्धगोल भिंत रचायची. ही भुसभुशीत राख रात्रीचा दंव टिपून घेते आणि खालची ओल उडू देत नाही. एका वेलासाठी एवढा खटाटोप! घरोघरी अंगणाखाली हौद असे व छपरावर, अंगणात पडलेला थेंबन् थेंब त्यात उतरवीत. तेगीसे गावात पावसाचे पाणी साठविण्याचा मोठा सार्वजनिक तलाव होता. फामाराच्या डोंगरात बोगदे खणले, तर तेथले पाणी मचूळ निघाले. टंचाईच्या दिवसांत शेजारच्या बेटांवरून जहाजाने पाणी आणावे लागे. १९६० साली बेटाची वस्ती होती पस्तीस हजारांच्या आसपास. एवढ्यांनाच पाणी पुरत नव्हते.

मग १९६४-६५ च्या सुमारास आरेसिफे या बंदराच्या गावी समुद्राचे पाणी गोडे करणारा कारखाना सुरू झाला. युरोपीय देशांच्या मुलखातील अशा पहिल्या कारखान्यांत त्याची गणना होते. त्याने तहानलेल्या गावाला पाणी दिले, हे उपकार लहान नव्हेत. पण त्याच नळाने हॉटेलांचाही मार्ग मोकळा केला. आज बेटाची वस्ती दीड लाखाच्या वर गेली आहे, आणि वर्षाकाठी येणारे पाहुणे तीस लाखांच्या घरात किंवा पुढे आहेत.

आता पाहुण्याच्या पाण्याचा हिशेब पाहा. तो अंघोळीपुरते पाणी वापरतो असे नव्हे. त्याच्या चादरी, पंचे रोज धुतले जातात, त्याच्यासाठी हिरवळ राखली जाते, आणि समुद्र शंभर पावलांवर असतानाही त्याच्यासाठी गोड्या पाण्याचे तळे बांधले जाते. कोरड्या वाऱ्यात तळ्यावरून दिवसाला पाच मिलिमीटर पाणी उडाले असे धरू. चारशे चौरस मीटरच्या तळ्यातून रोज दोन हजार लिटर पाणी कोणीही न वापरता हवेत जाते. हे एका हॉटेलाचे झाले.

कोणी म्हणेल, समुद्र अथांग आहे, हवे तेवढे पाणी गोडे करून घ्यावे. येथेच खरी मेख आहे. आजच्या पद्धतीत खारे पाणी मोठ्या दाबाने बारीक पडद्यातून ढकलतात. हजार लिटर गोडे पाणी मिळवायला तीन ते चार युनिट वीज लागते. बेटावर ही वीज अजूनही बहुतांशी तेल जाळून होते, आणि तेल येते जहाजाने. पूर्वी जहाजातून पाणी येत होते, आता पाण्यासाठी तेल येते! शिवाय शंभर लिटर समुद्राच्या पाण्यातून गोडे निघते चाळीस-पंचेचाळीस लिटर. उरलेले, जवळजवळ दुप्पट खारट झालेले पाणी परत समुद्रात सोडतात. ते जड असल्यामुळे तळाशी पसरते. तेथे वाळूत समुद्री गवताची कुरणे असतात. माशांची पिले त्यांत वाढतात. सोडण्याची जागा व रीत नीट नसेल तर ही कुरणे मरतात. आणि एवढ्या खर्चाने केलेल्या पाण्यापैकी सुमारे निम्मे जुन्या नळांच्या गळतीत व हिशेबाबाहेर जाते, ही तेथील जुनी तक्रार आहे.

या बेटाला सेसार मान्रिके नावाचा चित्रकार लाभला (१९१९–१९९२). घरे ठेंगणी व पांढरी असावीत, रस्त्याकडेला जाहिरातींच्या पाट्या नसाव्यात, असा आग्रह त्याने धरला व पुष्कळसा पाळवूनही घेतला. तो पर्यटनाचा शत्रू नव्हता. लाव्ह्याच्या गुहांत त्याने स्वतः प्रेक्षणीय स्थळे उभारली. पण ऐंशीच्या दशकात बांधकामाचा सुकाळ पाहून तो उघडपणे विरोधास उभा राहिला. १९९१ च्या बेटाच्या आराखड्याने नियोजित खाटांची संख्या पुष्कळ खाली आणली. तरी परवाने वाटले गेलेच. पुढे न्यायालयांनी वीसहून अधिक हॉटेलांचे परवाने बेकायदा ठरविले, आणि तरीही ती हॉटेले बहुतेक चालूच राहिली.

मात्र डोळ्यांना जे सुंदर ते पाण्याच्या दृष्टीनेही काटकसरीचे असतेच असे नाही. स्पेनच्याच भूमध्य किनाऱ्यावर बेनिदोर्म आहे. तेथे उंचच उंच इमारतींचे जंगल. रसिक माणसे नाके मुरडतात. पण एकावर एक रचलेल्या खोल्यांना अंगण नसते, बाग नसते. म्हणून तेथे माणशी पाणी विखुरलेल्या बंगल्यांपेक्षा कमी लागते. त्या गावानेही १९७८ साली जहाजाने पाणी आणले होते. त्यानंतर तेथील पाणी-संघाने आसपासच्या शेतकऱ्यांशी व्यवहार केला: गावाचे सांडपाणी शुद्ध करून शेताला, आणि शेताच्या वाट्याचे स्वच्छ पाणी गावाला.

आता माणसांकडे वळतो, कारण माझा मूळ धंदा तो. आरेसिफेत पूर्वी आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील मासळीवर चालणारे डबाबंदीचे कारखाने होते. १९७५ साली स्पेनने सहारातून पाय काढल्यावर त्या मासेमारीला उतरती कळा लागली. ज्या घरांतल्या बायका मासळी साफ करीत, त्या घरांतल्या मुली हॉटेलांच्या खोल्या साफ करू लागल्या. खोल्या आवरणाऱ्या स्त्रियांची 'लास केलीस' ही संघटना स्पेनमध्ये २०१६ साली स्थापन झाली. पाठ, खांदे व मनगटे निकामी होणे ही त्यांची पहिली तक्रार. गाद्या उचलणे हे हमालाचे काम आहे, हे खोलीत झोपणाऱ्याला उमगत नाही.

२० एप्रिल २०२४ रोजी कनारी बेटांवर हजारो लोक रस्त्यावर उतरले. बेटांना मर्यादा आहे, ही त्यांची घोषणा होती. नव्या हॉटेलांना स्थगिती द्या, घरे पाहुण्यांना भाड्याने देण्यावर बंधन घाला, अशा मागण्या होत्या. मालकपक्षाचा ठरलेला सवाल असतो की, पाहुणे गेले तर तुम्ही खाणार काय? हा सवाल आम्हांला नवा नाही; गिरणीत सुरक्षेची जाळी मागितली तरी हेच ऐकावे लागे. पण तो पोकळही नाही. बेटावर दुसरे काम थोडे आहे, आणि ज्या बाईच्या घराचा नळ कोरडा असतो तिचा पगार त्याच हॉटेलातून येतो. म्हणून पाहुणे हवेत की नकोत, असा वाद मला निरर्थक वाटतो. खाटा किती, हे पाणी मोजून ठरवावे, आणि पाणी मोजताना विजेचे तेल, समुद्रात सोडलेले मीठ व गळका नळ यांचा खर्च हॉटेलच्या वहीत मांडावा, म्हणजे पंचा रोज धुवायचा की नाही याचा निर्णय मालक आपण होऊन घेईल. आज तो खर्च मांडला जातो गावाच्या पाणीपट्टीत.