तुपाची धार आणि पाण्याचा पेला

सीताबर्डीच्या टेकडीखालीं आमचें जुनें बिऱ्हाड. घरांत लहानमोठीं अकरा माणसें आणि स्वयंपाकघर एक. अशा घरांत एकाच्या ताटांत फरक पडला कीं तो साऱ्या घराचा प्रश्न होतो. दोन वर्षांपूर्वीं माझ्या पुतण्यानें शरीरसौष्ठवाच्या स्पर्धेंत उतरण्याचें ठरविलें, आणि त्याच दिवशीं वरणभातावर पडणारी तुपाची धार हातानें अडविली. "तालीम करणाऱ्यानें तूप नाकारलेलें मीं आजवर ऐकलें नाहीं," एवढेंच आमची आई बोलली, आणि त्या रात्रीं स्वतःही तूप न घेतां उठली.

पाहूं गेलें तर दोघांच्याही म्हणण्यांत तथ्य होतें. वाग्भटानें व्यायाम सांगितला तो बलवानांस आणि स्निग्ध भोजन करणाऱ्यांस. तोही थंडीच्या व वसंताच्या दिवसांत, अर्ध्या शक्तीनें. पहिलवानाला वजनही हवें असतें आणि जोरही. म्हणून त्याचा खुराक दूध, तूप आणि बदाम. सौष्ठवस्पर्धेचें गणित निराळें. युजेन सँडोनें 14 सप्टेंबर 1901 रोजीं लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्यें या प्रकारची पहिली मोठी स्पर्धा भरविली. अशा स्पर्धेंत परीक्षक पाहतात ती स्नायूंची प्रमाणबद्ध ठेवण. कोणी किती वजन उचललें हें तेथें कोणी विचारीत नाहीं. ती ठेवण उठून दिसावी म्हणून त्वचेखालची चरबी उतरवावी लागते, आणि मांस मात्र राखावें लागतें. ही खरी कसरत स्वयंपाकघरांत होते.

पुतण्याला हें कोणीं नीट समजावून दिलें नव्हतें. त्यानें बारा आठवड्यांचें काम पांच आठवड्यांत उरकावयाचें योजिलें. भात गेला, पोळी गेली. व्यायाम दोन वेळां होऊं लागला. चेहरा उतरला, झोप उडाली, धाकट्या भावंडांवर तो उगाच खेंकसूं लागला. शेवटच्या आठवड्यांत मीठ सुटलें, आणि स्पर्धेच्या आदल्या दिवशीं पाणीही. महिना वैशाखाचा, पारा 45 अंशांच्या आसपास. दुपारीं तो माजघरांत माठाजवळ बसलेला आईला दिसला. भरलेला पेला हातांत तसाच होता. उठूं गेला तो कोसळला. दवाखान्यांत सलाइन लावावें लागलें. स्पर्धा तर राहिलीच, पण त्या रात्रीं आमच्या घरांत कोणी जेवलें नाहीं.

"वेळेवर आणलेंत," असें डॉक्टर म्हणाले. त्या शब्दांचा अर्थ मला मागाहून कळला. अल्जीरियाचा नामांकित शरीरसौष्ठवपटु मोहम्मद बेनअझीझा हा 1992 च्या ऑक्टोबरांत हॉलंडमधील स्पर्धा जिंकल्यावर कांहीं तासांतच मरण पावला. शरीर कोरडें करण्याचा व मूत्रल औषधांचा तो परिणाम मानतात. वास्तविक स्नायूंत सुमारें तीन चतुर्थांश पाणीच असतें; तें तोडलें कीं स्नायू उठून दिसण्याऐवजीं बसतात. अतिव्यायामाचे दोष सांगतांना वाग्भटानें तहान आणि क्षय हे आरंभींच घातले आहेत, हें येथें आठवल्यावांचून राहत नाहीं.

पुढच्या खेपेस त्याच्या काकूनें वही घातली. ज्यांच्या घरीं असा उमेदवार असेल त्यांच्या उपयोगीं पडावें म्हणून तिचें सार येथें देतों.

वजन आठवड्याला अर्धा ते एक टक्का उतरावें, अधिक नव्हे. 70 किलोच्या तरुणाला 350 ते 700 ग्रॅम पुरे. प्रथिनें वजनाच्या दर किलोस 1.6 ते 2.2 ग्रॅम, म्हणजे दिवसाला सुमारें 110 ते 150 ग्रॅम लागतात. शाकाहारी घरांत हा हिशेब बसतो, पण आपोआप बसत नाहीं. अर्धा लिटर दुधांत 16 ग्रॅम, 100 ग्रॅम कोरड्या डाळींत 22 ते 24, तितक्याच सोयाबीनच्या वड्यांत जवळजवळ 50. शेंगदाण्यांत प्रथिनें आहेत, पण निम्मा भाग तेलाचा आहे, हें विसरूं नये. एकादशीची साबुदाण्याची खिचडी बहुतेक पिठूळच. त्या दिवशीं दूध, दही व राजगिरा बरा. तूप समूळ तोडण्याचें कारण नाहीं; लहान चमचाभर तुपाचे सुमारें 45 उष्मांक होतात, ते मोजून घ्यावे. जड वजनांचा व्यायाम आठवड्यांतून चार दिवस, इतर दिवशीं महाराजबागेकडे पायीं फिरणें, रात्रीं पुरी झोप. आणि पाणी कोणाच्याही सांगण्यावरून बंद करूं नये.

झटपट फळ देणाऱ्या इंजेक्शनांचा मोह कोणी घातला, तर हृदय, यकृत आणि पुढील संततीची आशा हीं तिन्ही पणाला लागतात, हें मुलांस स्पष्ट सांगावें. संकोच करूं नये. 1952 सालीं मिस्टर युनिव्हर्सचा मान मिळविणारे बंगालचे मनोहर ऐच अवघे 4 फूट 11 इंच उंच होते, आणि 104 वर्षांचे होऊन 2016 सालीं वारले. शरीर कमावणें म्हणजे तें पुढें वापरतां येईल असें कमावणें.

गेल्या माघांत, थंडींतच, पुतण्या स्पर्धेंत उतरला. पदक मिळालें नाहीं. घरीं येऊन पानावर बसला, तेव्हां आईनें तुपाचें भांडें हातांत धरून नुसतें त्याच्याकडे पाहिलें. त्यानें भाताची मूद पुढें सारली.