आलेखामागचा तक्ता

पावसाळ्यात अहिल्यानगर जिल्ह्याच्या पावसाची सरासरी रंगीत डॅशबोर्डवर झळकते. परंतु अकोले तालुक्यातील घाटघरची संततधार आणि पाथर्डी-जामखेडचे अवर्षण एकत्र मिसळून काढलेली ती सरासरी कोणाच्याच शेतात पडत नसते. टिचकी मारताच आलेख बदलतो खरा. पण कोणत्या महसूल मंडळात, कोणत्या दिवशी, किती मिलिमीटर, हा मूळ तक्ता उतरवून घेता आला नाही, तर विद्यार्थ्याच्या हाती उरते ते निव्वळ चित्र. त्याची बेरीज पडताळता येत नाही.

हिवरे बाजारात पाऊस गावातच मोजला जातो, विहिरींची पातळी नोंदली जाते आणि पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडून पिके ठरतात. आकडेच समोर असल्याने मतभेदालाही आधार असतो.

हक्काचा प्रश्न तर केव्हाच निकालात निघाला आहे. राज्याच्या माहिती अधिकार कायद्यासाठी राळेगणसिद्धीच्या अण्णा हजारे यांनी २००३ साली उपोषण केले. पुढे २००५ च्या केंद्रीय कायद्याने संगणकातील माहिती इलेक्ट्रॉनिक स्वरूपात मिळविण्याचा अधिकार दिला. (त्यात फ्लॉपीचाही उल्लेख आहे!) मग त्यासाठी अर्ज लिहून, दहा रुपये भरून, तीस दिवस वाट का पाहावी?

शिवाय २०२४ मध्ये जिल्ह्याचे नाव बदलले. अहमदनगरचे जुने तक्ते नव्यांशी जोडायचे, तर नाव नव्हे, सांकेतिक क्रमांक लागतो. तो आलेखात दिसत नाही, तक्त्यात असतो. प्रत्येक आलेखाखाली तो तक्ता सीएसव्ही स्वरूपात उतरवून घेण्याचे बटण शासनाने येत्या पावसाळ्यापूर्वी द्यावे.