दोन जिवांची बाई आणि इन्फ्लुएंझा

घरांत कोणास ताप-खोकला आला म्हणजे "ऋतु पालटला आहे, होईल बरें," असें आपण सहज म्हणून जातों, आणि बहुधा तसेंच होतें. परंतु आजारी पडलेली बाई दोन जिवांची असेल, तर हें सहज म्हणणें धोक्याचें ठरतें. तें कां, हें आम्ही येथें थोडक्यांत सांगूं इच्छितों.

सन १९१८ सालच्या इन्फ्लुएंझाच्या साथीस आपल्याकडील जुनीं माणसें मानमोडी म्हणत. जूनमध्यें ती मुंबईंत दिसूं लागली व पावसाळा सरतां सरतां तिनें कहर केला. ही साथ जगभर होती. अमेरिकेंत डॉ. हॅरिस यांनीं तींत सांपडलेल्या १,३५० गर्भवती स्त्रियांची माहिती गोळा करून १९१९ सालीं प्रसिद्ध केली. सुमारें निम्म्या जणींस न्यूमोनिया झाला होता व त्यांतील सुमारें निम्म्या दगावल्या. एकंदर शेंकडा २७ स्त्रिया मृत्यु पावल्या. न्यूमोनिया झालेल्यांपैकीं निम्म्याहून अधिक जणींचें गर्भारपण मध्येंच संपलें.

असें कां व्हावें? गर्भ वाढूं लागला म्हणजे छाती व पोट यांमधील श्वासपटल वर रेटलें जातें आणि फुप्फुसांस जागा कमी पडते. उलटपक्षीं प्राणवायूची गरज सुमारें एक-पंचमांशानें वाढते. रोगाशीं झुंजण्याची शरीराची रीतहि या काळांत पालटते. अशा वेळीं फुप्फुसें सुजलीं तर आई धापा टाकूं लागते. गर्भ तर तिच्याच रक्तांतील प्राणवायूवर जगतो! विषाणु बहुधा त्याच्यापर्यंत पोहोंचत नाहीं. पण आईचा तीव्र ताप व प्राणवायूची तूट त्यास भोंवते. मग दिवस भरण्यापूर्वीं प्रसूति होण्याचें भय वाढतें. २००९ सालचा स्वाइन फ्लू व २०२० सालीं पसरलेला कोविड यांतहि गर्भवतींस अधिक धोका आढळून आला.

सुदैवानें आज उपाय हातीं आहे. मेलेल्या विषाणूंपासून केलेली इन्फ्लुएंझाची लस गर्भारपणांत देतां येते. सहा महिन्यांखालील बालकास मात्र ती देत नाहींत. परंतु आईनें लस घेतली असतां तिच्या रक्तांतील रोगनिवारक द्रव्यें वारेंतून बाळास मिळतात. ढाका येथें ३४० मातांवर झालेला प्रयोग २००८ सालीं प्रसिद्ध झाला. लस घेतलेल्या मातांच्या बालकांत, पहिल्या सहा महिन्यांत, तपासणीनें निश्चित झालेला इन्फ्लुएंझा शेंकडा ६३ नीं कमी आढळला.

विद्यार्थिमित्रांनो, आपणांस खोकला असेल तर तोंडावर रुमाल धरा, हात धुवा, आणि घरांतील गर्भवती ताई-वहिनीपासून व तान्ह्या बाळापासून दूर राहा. पालकांस आमची एवढीच विनंति: घरची सून भिडेस्तव दुखणें अंगावर काढीत असते. ती कांहीं बोलेल म्हणून वाट पाहूं नका. ताप येतांच तिला डॉक्टरांकडे न्या. कारण विषाणूवरील औषध पहिल्या दोन दिवसांत दिल्यास अधिक गुणकारी होतें. धाप लागली तर घटकाभरहि थांबूं नका. तिच्या एका श्वासावर दोन जीव अवलंबून आहेत.